स्वमग्न मुले आणि उपचारांचा बाजार

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, एक तरुण दांपत्य आम्हांला चर्चच्या ओसरीत भेटले. नवऱ्याच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि बायकोच्या कडेवर साडेतीन वर्षांचा मुलगा. मूल दिसायला गोड, अंगाने धडधाकट. परंतु त्याचे चित्त आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. ते ओसरीच्या छताला फिरणाऱ्या पंख्याकडे लागले होते. दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केले होते : ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो ती. फाइलीत चार कागद होते. पहिला उपनगरातल्या एका केंद्राचा : आठवड्याला चाळीस तास, पालकांनी वर्गाबाहेर थांबावे, तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ. दुसरा मूळपेशींच्या, म्हणजे स्टेमसेलच्या, इंजेक्शनांचा. रक्कम सहा आकडी, हप्त्यांची सोय. तिसऱ्यात मुलाचे केस तपासून त्याच्या अंगातले 'विष' काढून टाकण्याची हमी होती आणि जोडीला गहू-दूध वर्ज्य करणारे पथ्याचे पान. चौथा कागद छापील नव्हता. मुलाच्या आत्याने वहीच्या पानावर माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनेची वेळ आणि आरोग्यदानाच्या एका तपसाधनेची माहिती लिहून दिली होती.

"सर, यांतला कुठला घ्यावा?" नवऱ्याने विचारले. बायको काही बोलली नाही. मागाहून कळले की वाडीतले पाच गुंठे विकायचे बोलणे घरात झालेले आहे; कोणत्या कागदासाठी विकायचे एवढेच ठरायचे होते.

हा लेख त्या फाइलीमुळे लिहिला जात आहे, आणि तो रागाने लिहिला जात आहे, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो.

मार्कच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावी स्त्रीवरचे प्रवचन आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ते नेहमी तिच्या श्रद्धेवर येऊन थांबते. परंतु तिला येशूच्या वस्त्रापर्यंत आणण्यापूर्वी मार्क तिच्या बारा वर्षांचा हिशेब मांडतो, तो वेदीवरून क्वचितच उलगडला जातो. वैद्य पुष्कळ झाले, होते नव्हते ते सारे गेले आणि दुखणे उतरायच्या ऐवजी चढत गेले, असा तो हिशेब आहे. लूक हीच कथा सांगतो तेव्हा दुखणे बळावल्याचा उल्लेख गाळतो. परंपरेनुसार लूक स्वतः वैद्य होता. धंद्याची अब्रू त्याने राखली असावी! ते काही असो, मार्कने नोंदवलेला तो हिशेब आज वसईच्या वाड्यावाड्यांतून नव्याने लिहिला जात आहे, आणि आपण श्रद्धावंत मंडळी त्याला हातभार लावीत आहोत.

या बाजाराचे खरे भांडवल आईबापांचा अपराधभाव होय. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि या अवस्थेची वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नोंद झाली. त्या निबंधात आईबापांच्या कोरडेपणाविषयी काही शेरे होते. त्या शेऱ्यांचे पुढे एका सिद्धान्तात रूपांतर झाले : आई रेफ्रिजरेटरसारखी थंड, म्हणून मूल स्वतःत मिटले! ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात हा आरोप लोकप्रिय करून टाकला. वास्तविक १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, या आरोपाला शास्त्रीय आधार नसल्याचे सविस्तर दाखवून दिले होते. १९६९ साली खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि त्यांनी आईबापांना निर्दोष जाहीर केले. जे पाप कोणी केलेच नव्हते त्याची क्षमा मिळायला सव्वीस वर्षे लागली.

आज आपण जाणतो की स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीत मुळापासून असलेली अवस्था आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लसीमुळे ती होते हा १९९८ चा दावा अवघ्या बारा मुलांवर उभा होता. तो निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचा कर्ता अँड्र्यू वेकफील्ड याचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. इतके होऊनही आपल्या ओट्यांवर काय चालते? गरोदरपणी हिने नोकरी सोडली नाही. पोराच्या हातात मोबाइल दिला. आजोबांनी बोललेला नवस फेडायचा राहिला. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले होते. येशूने तो प्रश्नच उडवून लावला. आपण मात्र तो प्रश्न जपून ठेवला आहे आणि लग्नामुंजीच्या पंगतीत म्हणावे तसा, नामकरणाच्या व बाराव्याच्या जेवणावळीतही तो वाढीत असतो. ज्या आईला रोज असे वाढले जाते ती कोणत्याही कागदावर सही करील.

बाजार कसा चालतो याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. सिक्रेटिन नावाचे एक संप्रेरक पचनसंस्थेच्या तपासणीसाठी वापरले जात असे. १९९८ साली अमेरिकेत अशा तपासणीनंतर तीन स्वमग्न मुलांमध्ये सुधारणा दिसल्याची बातमी झाली आणि हजारो आईबाप त्या इंजेक्शनामागे धावले. पुढच्याच वर्षी काही संशोधकांनी साठ मुलांवर नीट प्रयोग केला. निम्म्यांना सिक्रेटिन दिले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी, आणि कोणाला काय दिले हे आईबापांना सांगितले नाही. मुले सुधारली, परंतु दोन्ही गटांतली सारखीच सुधारली! लहान मूल महिन्याभरात थोडेफार पुढे सरकतेच; आणि आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना ते अधिक सरकलेले दिसते. हा निकाल समजावून सांगितल्यानंतरही शंभरांतील एकोणसत्तर पालकांनी सिक्रेटिनमध्ये आपल्याला अजून रस असल्याचे सांगितले. त्या एकोणसत्तरांना आम्ही हसत नाही. त्यांच्या जागी आम्हीही त्यांच्यातच असतो. राग आहे तो या एकोणसत्तरांवर दुकान थाटणाऱ्यांवर.

'विष' काढणाऱ्यांचेही तसेच. शरीरातील धातू बाहेर काढणारी औषधे शिशाच्या विषबाधेवर उपयोगी पडतात. स्वमग्नतेवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उलट २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात अशाच उपचाराच्या वेळी पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला. गहू-दुधाचे पथ्य त्यामानाने निरुपद्रवी वाटते. आमच्याकडे तांदळाची भाकरी पिढ्यान् पिढ्या चालत आली, गव्हाचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. परंतु ही मुले मुळातच मोजके चार पदार्थ खातात, त्यांतले दोन काढून घेतल्यावर त्यांनी काय खावे? मूळपेशींच्या बाबतीत तर शंकेलाही जागा उरलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की स्वमग्नतेवर उपचार म्हणून मूळपेशींची शिफारस करता येत नाही, आणि तशी जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. फाइलीतला तो दुसरा कागद गुळगुळीत, रंगीत आणि २०२२ नंतरचा होता.

"पण त्यांच्याकडे एका आईची साक्ष आहे," मुलाचा बाप म्हणाला. साक्ष! हा शब्द आम्हां कॅथलिकांच्या काळजाला भिडतो. व्यासपीठावर उभे राहून कोणी आपली कथा सांगितली की आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो. या संदर्भात आम्हांला लुर्डची आठवण करून द्यावीशी वाटते. तिथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचा दावा करणाऱ्याचे पूर्वीचे कागद तिथे डॉक्टर तपासतात. रोगाचे निदान पक्के होते काय, दुसरा उपचार चालू होता काय, गुण टिकला काय, हे वर्षानुवर्षे पाहिले जाते. हजारो दावे आले. ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेले शंभरसुद्धा नाहीत. पवित्र मातेच्या चरणांशी घडलेल्या गोष्टीची जी ख्रिस्तसभा इतकी कठोर परीक्षा घेते, तिचीच लेकरे दुकानदाराने छापलेल्या साक्षीवर पाच गुंठे ओवाळून टाकतात, हे कसे?

आता त्या चाळीस तासांविषयी. इथे आमच्याशी वाद घालणारे सुजाण वाचक निघतील, आणि ते सर्वस्वी चुकीचे असणार नाहीत. १९८७ साली कॅलिफोर्नियातील इव्हार लोव्हास यांनी वर्तनप्रशिक्षणाचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणीस मुलांना दोन वर्षे वा अधिक काळ आठवड्याला चाळीस तास शिकवले. त्यांपैकी नऊ मुले सर्वसामान्य शाळेत इतरांसारखी शिकू लागली, असा तो दावा होता. त्या दिवसांत जेव्हा डॉक्टर खांदे उडवीत होते, तेव्हा या मुलांना शिकवता येते एवढे सांगणेसुद्धा मोठे होते, हे आम्ही मान्य करतो. परंतु मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि त्या शिकवण्यात दरडावणे व मांडीवर चापट मारणेही होते. पुढे ही पद्धत पुष्कळ बदलली, मवाळ झाली, खेळातून शिकवू लागली. चांगल्या शिक्षिकेच्या हाती तिने मुलांना लाभ झालेला आम्ही पाहिला आहे. बदलला नाही तो चाळीसचा आकडा. कारण तास मोजता येतात, आणि जे मोजता येते ते विकता येते. २०२४ साली १४४ अभ्यास आणि नऊ हजारांहून अधिक मुले यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपचाराचे तास वाढवले म्हणजे लाभही त्या प्रमाणात वाढतो, असा पुरावा त्यात सापडला नाही. ही बातमी कोणत्याही केंद्राच्या भिंतीवर आम्हांला अद्याप लावलेली दिसली नाही.

साडेतीन वर्षांच्या पोराला आठवड्याला चाळीस तास! विरारहून गाडी पकडणाऱ्या कारकुनाची नोकरी याहून फारशी मोठी नसते. त्यात जाण्यायेण्याचा प्रवास निराळा. हे मूल अंगणात केव्हा खेळणार आणि आजीच्या मांडीवर केव्हा झोपणार?

"मग काहीच करू नये काय?" असे कोणी विचारील. पुष्कळ करावे, आणि लवकर करावे. काय करता येते याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडलेले आहे, आणि त्याची आपल्याकडे कोणी दखल घेतली नाही याचे आम्हांला वाईट वाटते. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, ब्रिटनमधील व पाकिस्तानातील संशोधकांसह, गोवा आणि रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून ६५ स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. (सरहद्दीच्या दोन्ही अंगांच्या आया एकाच वहीत नोंदल्या गेल्या, हेही या दिवसांत थोडके नव्हे.) निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मुलांना शिकवायला तिथे डॉक्टर वा तज्ज्ञ नेमलेले नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते, आणि त्यांनी शिकवले ते आईबापांना. पद्धत अशी : आई मुलाशी खेळते, त्याचे थोडा वेळ चित्रीकरण होते, मग आई आणि कार्यकर्ती दोघी मिळून ते पाहतात. इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, तुमच्या लक्षात आले काय? इथे तो चाकाकडे पाहत होता आणि तुम्ही त्याला रंग विचारीत होता. इथे तुम्ही फार घाई केलीत. जरा थांबला असता तर कदाचित त्यानेच हात पुढे केला असता. सहा महिन्यांत अशा बारा बैठका. बाकीचे काम घरी, रोजच्या न्हाण्याजेवण्याच्या वेळी.

परिणाम काय झाला? ज्यांना हे शिक्षण मिळाले ते आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, आणि मुले आपण होऊन संवाद सुरू करण्यात इतर मुलांपेक्षा पुढे गेली. एका बाबतीत मात्र, मूल व पालक दोघांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ, या गटात कमीच भरला. संशोधकांनी तेही छापले. आम्हांला त्या अभ्यासाविषयी विश्वास वाटतो तो या छापण्यामुळे. आपल्या औषधाने काय साधले नाही हे ज्या दुकानाच्या पत्रकावर लिहिलेले नसेल, ते पत्रक आईबापांनी खुशाल फाडावे.

म्हणून ओसरीतल्या त्या नवऱ्याला आम्ही एवढेच विचारले की, या चारांपैकी कोण तुम्हांला आत बसू देतो? ज्या वर्गात आईबापांना प्रवेश नाही तिथे मूल ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिक्षिका आठवड्यातून दोन-चार तास भेटणार, आई जन्मभर भेटणार. आईला न शिकवता जो मुलाला शिकवायला निघतो त्याला मुलाच्या उद्याची काळजी नाही. विशेष शिक्षिका आणि वाचाउपचारतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक मागायला संकोच कसला? सहा महिन्यांनी काय दिसायला हवे, आणि ते दिसले नाही तर तुम्ही काय बदलणार, याचे उत्तर जो देत नाही, किंवा 'बरा करून देतो' असे जो म्हणतो, त्याच्या पायऱ्या उतरून यावे. औषधांविषयीही असेच स्पष्ट बोलणे हवे. तीव्र चिडचिड वा स्वतःला इजा करणे यांवर डॉक्टर काही औषधे देतात व ती कधीकधी लागतात. फेफरे असेल तर त्याचे औषध टाळू नये. परंतु स्वमग्नता घालवणारे औषध नाही.

त्या फाइलीत जे कागद हवे होते ते एकही नव्हते. मुलाची श्रवणचाचणी झालेली नव्हती. बोलत नसलेल्या मुलाचे कान आधी तपासावेत, हे कोणी सांगितले नव्हते. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, पण दाखला काढलेला नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील 'निरामय' विम्याचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते. ही माहिती विकून कोणाला काही मिळत नाही, म्हणून ती कोणी घरपोच देत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांला सर्वांत जास्त लागली. पहिल्या केंद्राने सांगितले होते की घरात आता फक्त इंग्रजी बोला, मूल गोंधळते. त्या घरात आजी आहे आणि तिला कादोडीशिवाय दुसरी बोली येत नाही. दोन महिने ती म्हातारी नातवासमोर तोंड मिटून बसत होती! बाप गिरणीवाल्याशी बोलावे तसे मोडके इंग्रजी मुलाशी बोलत होता, आणि आई, जी मूळची वाडवळी बोलणारी, ती तर जवळजवळ मुकीच झाली होती. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे अधिक मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसत नाही. दिसते ते एवढेच की ज्या भाषेत घर हसते-रागावते त्या भाषेतून मूल तोडले म्हणजे ते घरापासून तुटते. आमच्या बोलींचा जीव असाही जायला लागला आहे. त्यात उपचाराच्या नावाने आजीचे तोंड शिवायचे हे आम्ही सहन करणार नाही.

बाजाराला इतके बोल लावल्यावर स्वतःच्या अंगणाकडे पाहणे प्राप्त आहे. कॅनन कायद्याच्या ७७७ व्या कलमानुसार शरीराने वा बुद्धीने अपंग असणाऱ्यांना त्यांच्या कुवतीप्रमाणे धर्मशिक्षण मिळेल हे पाहणे धर्मग्रामाच्या धर्मगुरूचे कर्तव्य आहे. किती धर्मग्रामांत असा वर्ग चालतो? पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्न मुलांची व त्यांच्या कुटुंबांची मुद्दाम भेट घेतली. आपल्याकडे असे मूल मिस्सेत ओरडले की पुढच्या चार बाकांवरून माना वळतात, आणि पुढच्या रविवारपासून ती आई दाराबाहेर उभी राहते. सरकारमान्य व अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभावाविना सामावून घ्यावे, असे २०१६ चा कायदा सांगतो. आपल्या नामवंत शाळांच्या कार्यालयांतून या आईबापांना जी गोड उत्तरे मिळतात ती आम्ही ऐकलेली आहेत. सणाच्या बँडवर व फटाक्यांवर होणारा खर्चही आम्हांला ठाऊक आहे. आत्याच्या कागदाची आम्ही चेष्टा करीत नाही. प्रार्थना करावी. परंतु 'श्रद्धा कमी पडली म्हणून गुण आला नाही' असे जो त्या आईला ऐकवतो, तो तिसऱ्या कागदवाल्याहून निराळा कसा?

दिवाळीच्या सुमारास ती मंडळी पुन्हा भेटली. पाच गुंठे अजून त्यांचेच आहेत. कान ठीक निघाले. आठवड्यातून दोनदा मुलगा एका विशेष शिक्षिकेकडे जातो. आई आत बसते आणि घरी येऊन आजीला करून दाखवते. आत्याने माहीमची नोव्हेना सोडलेली नाही, पण आईला गाडीत एकटीला त्रास होतो म्हणून ती आता सोबतही जाते. मूल अद्याप बोलत नाही. आजीला मात्र थांबायला जमू लागले आहे. केळे सोलून ती हातात धरते आणि काही न बोलता बसून राहते. परवा त्याने तिचे मनगट धरून ते केळे स्वतःकडे ओढले, आणि ओढताना एकदा वर पाहिले.

आमच्या धर्मग्रामाचे सभागृह सोमवार ते शुक्रवार सकाळी रिकामे असते. आजूबाजूच्या वाड्यांतून अशी आणखी घरे असल्याचे आम्हांला त्या आईकडूनच कळले. गोव्यात ज्यासाठी आरोग्य कार्यकर्ते तयार झाले त्यासाठी आपल्या निवृत्त शिक्षिका तयार होऊ शकतील. चित्रीकरणाला तर आता प्रत्येकाच्या खिशातला फोन पुरतो. सभागृहाची किल्ली कोणाकडे असते हे आम्ही विचारून ठेवले आहे. पाळकीय समितीच्या येत्या बैठकीत आम्ही ती मागणार आहोत.